आज किती?

सन १९९९ सालीं ज्येष्ठ अधिक होता. त्या महिन्यांत आमच्या वाड्याच्या मागल्या चौकांतील आजी रोज दिवेलागणीनंतर, घरांतील मुलांचा परवचा आटोपला कीं, जपमाळ हातांत घेऊन आमच्या ओसरीवर येत आणि खांबाला टेकून एकच प्रश्न विचारीत, "मास्तर, आज किती हो?" कारगिलच्या डोंगरांत लढाई जुंपलेली होती. आजींचा नातू आठनऊ वर्षांपूर्वीं आमच्याच वर्गांत शब्दरूपें घोकीत बसलेला. तो सैन्यांत अधिकारी होऊन नेमका तिकडेच गेलेला होता. त्याचीं पत्रें येत, पण तीं पंधरा पंधरा दिवसांचीं शिळीं. म्हणून आजींची सारी भिस्त वर्तमानपत्रांतील आकड्यावर, आणि तो आकडा त्यांना उलगडून सांगणाऱ्या आमच्यावर.

आम्ही तो आकडा रोज पंचांगाच्या समासांत पेन्सिलीनें टिपून ठेवीत असूं. कालच्यापेक्षां आजचा लहान असला कीं, "आजी, आकडा उतरला, आतां आटोपत आलें" असें सांगत असूं, मोठा असला कीं चष्मा पुशीत कांहींतरी दुसरा विषय काढीत असूं. पुढें सावकाशपणें विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या वृद्ध बाईला आम्ही जें सांगत होतों त्याला आधार असा कांहींच नव्हता. मुलांना त्रैराशिक शिकविणारा मास्तर दोन आकड्यांची वजाबाकी करून भविष्य वर्तवीत होता! त्यापेक्षां वाड्यांत येणारे जोशीबुवा बरे. ते निदान ग्रहांची साक्ष काढीत.

ही चूक आमची एकट्याची असती तर ती पंचांगाच्या समासांतच राहूं दिली असती. परंतु युद्ध कोठेंहि पेटो, जगांतील शहाणीसुरती माणसेंहि ह्याच रीतीनें आकडे वाचतात आणि त्यांवरून मोठमोठे सिद्धान्त बांधतात असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. म्हणून ह्या खेपेस नेहमींचा सुभाषितांचा विषय बाजूस ठेवून थोडा रूक्ष विषय घेतों.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. इंग्रजींतील 'कॅझुअल्टी' ह्या शब्दाचा अर्थ मेलेला असा नाहीं. लढण्यास निरुपयोगी झालेला प्रत्येक मनुष्य त्यांत येतो : ठार झालेला, घायाळ झालेला, शत्रूच्या हातीं सांपडलेला आणि बेपत्ता. आपल्याकडे ह्याच्या अगदीं जवळचा 'हताहत' हा सुंदर शब्द तयार आहे. हत आणि आहत असा द्वंद्व सोडविला कीं घोटाळ्याला जागाच उरत नाहीं. पण घाईंतले भाषांतरकार दुसरें पद गाळतात आणि सगळ्यांनाच स्वर्गाला पाठवितात. १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या कांठीं ब्रिटिश सैन्यानें चढाई केली. त्या एका दिवसाच्या हताहतांची संख्या ५७,४७० अशी इतिहासांत नोंदलेली आहे. तीच 'सत्तावन्न हजार ठार' ह्या रूपानें छापलेली आम्हीं एकाहून अधिक वेळां वाचली आहे. वास्तविक ठार १९,२४०, घायाळ ३५,४९३, बेपत्ता २,१५२ आणि कैद झालेले ५८५ असा तो हिशेब आहे. एका दिवसांत एकोणीस हजार हीहि अंगावर कांटा आणणारी गोष्ट आहे. तिला फुगविण्याची गरज नाहीं.

परंतु ह्या आकड्याची खरी शिकवण पुढेंच आहे. दुसऱ्या दिवशीं सेनापति हेग ह्यांनीं आपल्या रोजनिशींत जो अंदाज टिपला तो चाळीस हजारांवर असा होता. त्यानंतर पलटणींपलटणींतून हजेऱ्या घेऊन जो पहिला हिशेब जुळला तो ६१,८१६ चा. त्यांत ठार अवघे ८,१७०, आणि बेपत्ता मात्र १७,७५८. पुढें दिवस गेले, महिने गेले. बेपत्तांपैकीं कांहीं जण वाट चुकलेले निघाले ते आपल्या तुकडींत परत आले, कांहीं इस्पितळांत सांपडले, कांहीं कैदेंत आढळले. आणि उरलेल्यांचीं नांवें, कोणाचें प्रेत मिळाल्यानें तर कोणाची आशा सुटल्यानें, ठारांच्या सदरांत गेलीं. एकूण आकडा चार हजारांनीं उतरला आणि ठारांचा आकडा दुपटीहून अधिक झाला. आणि १ जुलैला प्रत्यक्ष जें घडलें त्यांत तर तिळमात्र फरक पडलेला नव्हता! जो वाचक केवळ एकूण बेरजेकडे पाहून बसला होता त्याला 'स्थिति सुधारली' असें वाटलें असतें. जो केवळ ठारांकडे पाहत होता त्याला 'संहार वाढला' असें. कारकुनाच्या लेखणीनें जें केलें तें दोघांनींहि तोफांच्या नांवावर मांडलें असतें.

तात्पर्य, आकड्यावर जी तारीख असते ती बहुधा नोंदीची असते, मरणाची नसते. कारगिलमध्येंहि असेंच झालें. मे महिन्याच्या मध्यावर सहा जणांची एक गस्तीची तुकडी गेली ती परत आली नाहीं. त्यांचीं प्रेतें ९ जूनला परत मिळालीं. मधले तीनसाडेतीन आठवडे तीं सहा घरें कोणत्या सदरांत होतीं?

बेपत्ता हें सदर मात्र इंग्रजांनीं काढलें असें कोणी समजूं नये. स्त्रीपर्वांत युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो कीं, मेले किती आणि उरले किती हें तुला ठाऊक असेल तर सांग. युधिष्ठिर उत्तर देतो : मेलेले १६६ कोटि २० हजार, आणि ज्यांचा पत्ता नाहीं असे वीर २४,१६५. ही दुसरी संख्या पाहावी. कोटींच्या हिशेबाशेजारीं शेवटचे पांच सुद्धां सोडलेले नाहींत! आम्हीं हा भाग प्रथम वाचला तेव्हां त्या पांचांपाशींच अडलों होतों. आतां दुसरीकडून पाहिलें तर आदिपर्वांतील गणनेप्रमाणें एक अक्षौहिणी म्हणजे रथ, हत्ती, घोडे व पायदळ मिळून २,१८,७००; अठरा अक्षौहिणी म्हणजे ३९,३६,६००. म्हणजे मृतांची संख्या सैन्याच्या चारशें पटींहून अधिक भरते. प्रत्येक रथावर व हत्तीवर चारचार माणसें बसविलीं तरी ही तोंडमिळवणी होत नाहीं. आम्ही येथें व्यासांची परीक्षा घेण्यास बसलेलों नाहीं. महाकवीला संख्या ही मोजण्यासाठीं नव्हे तर छाती दडपण्यासाठीं हवी असते. पण 'किती?' ह्या प्रश्नाला 'कितींपैकीं?' हा प्रश्न जोडला नाहीं तर काय होतें तें समजण्यास ह्याहून जुनें उदाहरण मिळणार नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे चढउतारीकडे येतों.

लाडिस्लाउस बोर्टकिएविच नांवाच्या एका गणित्यानें सन १८९८ त एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत प्रशियाच्या लष्करांतील चौदा विभागांत १८७५ पासून १८९४ पर्यंतच्या वीस वर्षांत घोड्याची लाथ लागून किती शिपाई मेले ह्याचें कोष्टक आहे. विषय ऐकून हंसूं येतें. पण त्याची निवड मोठी मार्मिक आहे. घोड्याच्या लाथेमागें शत्रूचा डाव नाहीं, सेनापतीचें चातुर्य नाहीं, वर्तमानपत्री अग्रलेख नाहीं. घोडें तें घोडें. तरीपण सालवार आकडे पाहा. १८७५ सालीं ३, पुढें ५, मग ७, मग ९, मग १०, आणि १८८० त एकदम १८! सलग पांच वर्षें चढती कमान. आमच्यासारखा कोणी मास्तर तेथें असता तर त्यानें 'प्रशियन घोड्यांचा वाढता उद्दामपणा' ह्या विषयावर व्याख्यान दिलें असतें. १८८१ सालीं आकडा ६ वर आला. समजा, त्याच वर्षीं एखाद्या उत्साही अधिकाऱ्यानें तबेल्यांचे नवे नियम केले असते, तर आपल्या नियमांमुळें मृत्यु दोनतृतीयांशानें घटले असें त्यानें मिशीवर ताव देऊन सांगितलें असतें. पण १८८२ त पुन्हां १४.

वीस वर्षांची एकंदर बेरीज १९६. म्हणजे सालाची सरासरी दहाला किंचित् कमी. चौदा विभाग गुणिलें वीस वर्षें अशीं २८० खातीं धरलीं तर त्यांपैकीं १४४ खात्यांत एकहि मृत्यु नाहीं, ९१ त एक, ३२ त दोन, ११ त तीन आणि २ त चार. केवळ योगायोगानें वांटणी झाली असती तर गणिताच्या हिशेबानें अनुक्रमें १३९, ९७, ३४, ८ आणि एकदोन अशी झाली असती. इतकें जवळचें साम्य आमच्या शाळेंतील दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत आढळतें तर आम्हीं दोघांनाहि बाकावर उभें केलें असतें.

ह्यावरून घरगुती उपयोगाचा एक ठोकताळा निघतो. तो मॅट्रिकपर्यंतच गणित शिकलेल्या आम्हांसहि जमतो, तेव्हां वाचकांना अवघड नाहीं. घटना विरळ असतील आणि एकीचा दुसरीशीं संबंध नसेल तर त्यांच्या सरासरीचें वर्गमूळ काढावें व त्याची दुप्पट करावी. सरासरीच्या खालींवर तेवढ्या पट्ट्यांत आकडा हिंडत असेल तर त्याचें कारण विचारीत बसूं नये. कारणावांचूनहि तो तितका हिंडतोच. घोड्यांच्या बाबतींत हा पट्टा साडेतीनपासून सोळापर्यंत येतो. वीसपैकीं सतरा वर्षें त्याच्या आंत आहेत, तीन थोडीं बाहेर. त्या तीन वर्षांना कदाचित् कांहीं खरें कारणहि असेल. ठोकताळा हा ठोकताळाच.

हाच नियम आतां खऱ्या युद्धाला लावून पाहूं. त्यासाठीं आम्हीं इराकांतील युद्ध निवडलें आहे. तें मार्च २००३ मध्यें सुरू झालें, आणि तेथें मृत्यु पावलेल्या प्रत्येक अमेरिकन शिपायाचें नांव त्या सरकारनें प्रसिद्ध केलेलें असल्यामुळें महिनेवारी आकडे फार चोख मिळतात; निरनिराळ्या गणनांत एकदोहोंचा फरक पडतो इतकेंच. २००५ व २००६ ह्या दोन्ही वर्षांत महिन्याची सरासरी सत्तरच्या आसपास होती. सत्तरचें वर्गमूळ सुमारें आठ व एकतृतीयांश, दुप्पट सतरा. म्हणजे ५३ पासून ८७ पर्यंतचा कोणताहि आकडा आला तरी त्यावरून युद्ध जिंकत आलें किंवा हरत चाललें असें कांहींच म्हणतां येत नाहीं. गेल्या महिन्यांत ७८ होते आणि ह्या महिन्यांत ५४ झाले म्हणजे तिसऱ्या हिश्श्याची घट दिसते. २००५ च्या जून-जुलैंत अगदीं हेंच झालें. ऑगस्टांत तो आकडा ८५ वर गेला.

पण आमच्या चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, प्रत्यक्षांत आकडे ह्या पट्ट्याबाहेरहि गेले. २००५ च्या जानेवारींत १०७, मार्चांत ३५, ऑक्टोबरांत ९६. बारांपैकीं चारपांच महिने पट्ट्याबाहेर. मग नियम खोटा काय? नियम खोटा नाहीं; त्याची अट पाळली गेली नव्हती. घोडा एकेकाला लाथ मारतो. युद्धांत माणसें घोळक्यानें मरतात. त्या जानेवारीच्या २६ तारखेस रुतबा गांवाजवळ वाळूच्या वादळांत एक हेलिकॉप्टर कोसळलें आणि त्यांतील ३१ जण एकदम गेले. तो अपघात होता, शत्रूचा त्यांत हात नव्हता. ते ३१ वजा करा, १०७ चे ७६ होतात आणि महिना निमूटपणें पट्ट्यांत येऊन बसतो. त्याच वर्षीं ३ ऑगस्टला हदिथाजवळ रस्त्यांत पुरलेल्या एकाच सुरुंगानें १४ जण गेले. म्हणून आकडा पाहतांना माणसें मोजावीं तशा घटनाहि मोजाव्या. एका गाडींत किती जण बसले होते ह्यावर शत्रूचें बळ अवलंबून नसतें.

मार्च २००५ चे ३५ हे मात्र पट्ट्याच्या खालीं गेलेले होते. जानेवारीच्या अखेरीस तेथें निवडणूक झाली होती, फेब्रुवारींत आकडा ५८ वर आला, मार्चांत ३५ वर. वारें फिरलें असें मानण्याचा मोह कोणालाहि व्हावा. ती ओहोटी खोटीहि नसेल. पण मे महिन्यांत ८० झाले. चढउतार खरी असणें आणि ती टिकाऊ असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एका महिन्याच्या आकड्यांत दुसरीचा पुरावा कधींच नसतो.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढच्या वर्षींची. मार्च २००६ मध्यें अमेरिकन मृत्यु अवघे ३१ झाले. त्यापूर्वींच्या दोन वर्षांतील हा सर्वांत लहान आकडा. आणि नेमका हाच काळ इराकी लोकांच्या दृष्टीनें सर्वांत घोर काळाचा आरंभ होता! २२ फेब्रुवारीला समारा येथील शिया पंथाच्या पवित्र स्थानाचा घुमट उडवून दिला गेला आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याचा गळा कापण्यास सुरुवात झाली. त्या वर्षाच्या जुलैंत अमेरिकन मृत्यु ४३, म्हणजे पुन्हां सरासरीच्या बरेच खालीं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या गणनेप्रमाणें त्याच महिन्यांत मारले गेलेले इराकी नागरिक साडेतीन हजारांवर. सबंध वर्षाची ती संख्या त्याच गणनेनें ३४,४५२. एकाच महिन्याला, एकाच भूमीवर, एक आकडा 'बरें चाललें आहे' म्हणत होता आणि दुसरा आक्रोश करीत होता. आपण ज्याच्या घरचे त्याचाच आकडा पाहणार, हा मनुष्यस्वभाव आहे. आजी तरी दुसरें काय करीत होत्या? पण ओसरीवरून युद्धाचा निकाल सांगणाऱ्यानें तरी दुसऱ्या बाजूचा आकडा पाहायला नको काय?

२००७ ची कथा उलट आहे. जानेवारीच्या १० तारखेस तेथें वीस हजारांवर जादा शिपाई पाठविण्याचें जाहीर झालें. ते जूनपर्यंत पोंचत राहिले. मोठमोठ्या छावण्यांतून निघून ते वस्त्यांवस्त्यांतून राहूं लागले, आणि मृत्यु वाढले. एप्रिलांत १०४, मेंत १२६, जूनमध्यें १०१. सबंध युद्धांत सलग तीन महिन्यांची इतकी मोठी बेरीज दुसरी नाहीं. 'डाव फसला' असें म्हणणाऱ्यांना ह्याहून चांगला पुरावा कोणता हवा होता? परंतु सप्टेंबरांत ६५, ऑक्टोबरांत ३८, नोव्हेंबरांत ३७ आणि डिसेंबरांत २३. २००७ हें अमेरिकन मृत्यूंच्या दृष्टीनें त्या युद्धांतील सर्वांत वाईट वर्ष, नऊशेंच्या वर. आणि पालट झाला तोहि त्याच वर्षीं. जो सालवार आकडे पाहील त्याला पालट दिसणार नाहीं, जो जूनपर्यंतचे महिने पाहील त्याला विनाश दिसेल. ऑक्टोबरचे ३८ पाहून 'आतां उतरण लागली' असें म्हणणारा बरोबर ठरला खरा, पण मार्च २००५ त व मार्च २००६ त तसेंच म्हणणारा चुकला होता, आणि तिन्ही वेळां हातांतील पुरावा सारखाच होता. २००८ ची सबंध बेरीज सव्वातीनशेंच्या आंत आली तेव्हां कोठें शंका मिटली.

आणि शंका मिटली ती पालट झाला एवढ्यापुरतीच. तो कशानें झाला ह्याची नव्हे. जादा सैन्यामुळें झाला असें कोणी म्हणतात. पण अन्बार प्रांतांतील टोळ्या २००६ च्या शरद् ऋतूपासूनच आपल्या जुन्या सोबत्यांवर उलटल्या होत्या. मुक्तदा अल्-सद्र ह्यानें २००७ च्या ऑगस्ट अखेरीस आपल्या लोकांना शस्त्रें खालीं ठेवण्यास सांगितलें. आणि बगदादच्या पुष्कळ वस्त्यांतून तोंवर दुसऱ्या पंथाचीं माणसें हांकलून तरी दिलेलीं होतीं किंवा मारून तरी टाकलेलीं होतीं. मारण्यास शेजारीच उरला नव्हता. आमचें मत विचाराल तर ह्या चारहि गोष्टींचा वांटा आहे. कोणाचा किती हें महिन्याच्या आकड्यांवरून सांगणारा पंडित आम्ही अजून पाहिलेला नाहीं.

येथें घरोघरच्या अनुभवाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताप एकशें चारांवर गेला, म्हणजे वैद्याला बोलावणें जातें. अठ्ठ्याण्णव असतांना कोणी बोलावीत नाहीं. वैद्य काढा देतो, दुसऱ्या दिवशीं ताप उतरतो. काढ्यानें उतरला असेलहि; पण जो अगदीं वर चढला तो बहुधा आपल्या पायांनींहि खालीं येतो. त्या युद्धांतील मोठे महिने पाहा. एप्रिल २००४ त १३५, पुढच्या महिन्यांत ८०. नोव्हेंबर २००४ त, फलूजाच्या मोठ्या लढाईच्या महिन्यांत, १३७, डिसेंबरांत ७२. त्या एप्रिलांत किंवा नोव्हेंबरांत ज्यानें कांहींहि नवा उपाय केला असेल, नुसता नवा बिल्ला शिवला असेल, त्याला महिन्याभरांत यश आलें असें दाखवितां आलें असतें. संकटाच्या शिखरावर केलेल्या उपायाचें श्रेय मोजतांना हात आंखडता घ्यावा, मग तो उपाय सेनापतीचा असो कीं वैद्यबुवांचा.

मृत्यूंवरून लढाईचा जोर मोजतांना आणखी एक गोष्ट नजरेआड होते. दुसऱ्या महायुद्धांत घायाळ होणाऱ्या दर शंभर अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें ३० दगावत, व्हिएतनामांत २४, इराक व अफगाणिस्तानांतील युद्धांच्या आरंभींच्या वर्षांत सुमारें १०. गोळ्या मऊ झाल्या नाहींत. शस्त्रवैद्य जवळ आले. आणि शत्रूचे किती मारले ह्या आकड्याविषयीं तर न बोललेलेंच बरें. १५ सप्टेंबर १९४० रोजीं १८५ जर्मन विमानें पाडल्याचें ब्रिटिशांनीं जाहीर केलें. युद्धानंतर जर्मनांचींच दप्तरें पाहिलीं तेव्हां तीं साठाच्या आसपास निघालीं. त्यांत कोणी मुद्दाम खोटें बोललेंच असें नाहीं. एकाच पडत्या विमानावर तिघांनीं नेम धरलेला असतो.

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रानें कळली असें परंपरेनें सांगतात. त्यांत दोन मोत्यें गेल्याचें लिहिलें होतें, सत्तावीस मोहरा गेल्याचें लिहिलें होतें. रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मात्र गणतीच नव्हती. विश्वासराव व भाऊसाहेब हीं दोन मोत्यें हें शाळकरी मुलालाहि सांगावें लागत नाहीं. आम्ही हें पत्र वर्षानुवर्षें मुलांना रूपकाचें उत्तम उदाहरण म्हणून शिकवीत आलों. तें हिशेबाच्या रीतीचेंहि उदाहरण आहे हें फार उशिरां सुचलें. जों जों माणूस लहान तों तों मोजणी ढिली. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे ह्याच इराकांत, सहावी पुणें डिव्हिजन लढली. तिच्यांतील मराठा पलटणी कुतच्या वेढ्यांत अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण आलेल्या सैन्यांत होत्या. त्या मोहिमेंत ज्यांची थडगीं नाहींत अशा चाळीस हजारांवर जणांसाठीं बसऱ्याला १९२९ त स्मारक उभें राहिलें. त्यावर इंग्रज शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या कोरलेली आहे. सातारा-रत्नागिरीकडचीं कित्येक घरें त्या संख्येंत आहेत. खुर्दा!

कारगिलचा शेवटचा सरकारी आकडा ५२७ ठार आणि १,३६३ घायाळ असा आहे. आजींचा नातू त्या १,३६३ पैकीं एक. तार आली त्या दिवशीं आजी ओसरीवर आल्या नाहींत, आणि त्यानंतर त्यांनीं आम्हांला 'आज किती' असें कधींच विचारलें नाहीं. आम्हींहि टिपणें थांबविलें.

कार्तिकांत तो रजेवर घरीं आला, काठी टेकीत. दारांतच आजींनीं त्याच्यावरून भाकरतुकडा ओंवाळून टाकला. दुसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे नमस्काराला आला. इकडचें तिकडचें बोलणें झालें. बर्फ, चहा, खेचरें ह्यांविषयीं त्यानें पुष्कळ सांगितलें. गोळी कोणत्या दिवशीं लागली म्हणून आम्हीं विचारलें, त्यानें तारीख सांगितली. तो गेल्यावर आम्हीं फडताळांतून पंचांग काढलें आणि निज ज्येष्ठाचें पान उघडलें. त्या तारखेसमोर समासांत आमच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें : 'आज कमी. आजींना सांगितलें.'